इसूफचा उजवा खांदा

मंद्रूपच्या बिरप्पाला हाडं बसवायला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या बापाची शंभर-सव्वाशे मेंढरं होती. ओढ्याच्या दरडीवरून एखादं घसरायचं, पाय मोडून घ्यायचं, आणि बाप ते कापायला काढायचा. बिरप्पा ते मागून घ्यायचा. बांबूच्या चार कांब्या, चिंधी, वर एरंडाचं पान. महिन्याभरात मेंढरू कळपात चालू लागायचं. पुढं गावातली माणसंही मोडलेले हातपाय घेऊन त्याच्याकडं येऊ लागली.

दोन वर्षं पाऊस झाला नाही तेव्हा कळप मोडला. बिरप्पा बायकोला, मायाक्काला, घेऊन सोलापुरात आला आणि गिरणीत कापडाचे गठ्ठे बांधायच्या कामाला लागला. तिथंही कुणाचं मनगट लचकायचं, कुणाची बरगडी. हळूहळू बाळीवेशीपासून विजापूर वेशीपर्यंत हाडवैद्य म्हटलं की बिरप्पाच, असं झालं. गडी बुटका, रुंद मनगटाचा, बोलायला कमी. तो मोडलेल्या जागेवर नुसती बोटं फिरवायचा आणि डोळे मिटायचा. दुखणाऱ्या माणसाला वाटायचं, हा आपल्या आतलं बघतोय.

मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मास्तर होतो. शाळा सुटली की गुरुसिद्धप्पाच्या हॉटेलात जाऊन वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं, हा माझा रोजचा शिरस्ता. ऐकायला गिरणीतले लोक, हातमागवाले, टांगेवाले जमायचे. पण तेहेतीस साली वर्तमानपत्रात काहीही छापून येवो, शेवटी गोष्ट एकाच ठिकाणी येऊन थांबायची: इसूफ आणि श्रीमंत या पैलवानांची जोड लागली तर कोण जिंकेल?

इसूफ आमच्या शहरातला. विजापूर वेशीजवळच्या तालमीत वाढलेला, उंच, ताडासारखा सरळ. श्रीमंत माळशिरसकडचा धनगर, बसका, मान खांद्यातच रुतलेली. दोघांचीही पाठ चार वर्षांत कुणी लावली नव्हती. इसूफ विजापूर, गुलबर्गा मारून आला होता. श्रीमंतनं फलटणपर्यंतची मैदानं जिंकली होती. पण दोघं एकमेकांसमोर कधी उभे राहिले नव्हते. इसूफच्या बाजूनं निरोप गेला की श्रीमंतचा वस्ताद म्हणायचा, सुगी होऊ द्या. सुगी झाली की म्हणायचा, उन्हाळा सरू द्या. वस्ताद घाबरतो, असं आमचं मत. वस्ताद हुशार आहे, असं पलीकडच्या बाकाचं.

त्या वादात शहाणपणाला तोटा नव्हता. मिरजेच्या एका मल्लाला इसूफनं सात मिनिटांत पाडला होता, त्यालाच पाडायला श्रीमंतला अर्धा तास लागला होता. म्हणजे इसूफ भारी, असं एक म्हणायचा. दुसरा म्हणायचा, अर्धा तास दम टिकला हे बघा की. इसूफचा दम कुणी बघितलाय? मग बाकावर पाणी सांडून बोटानं कुस्तीचा हौदा काढला जायचा, आणि कोण कुठून शिरेल हे गुळाच्या खड्यांनी दाखवलं जायचं. मागवाल्यांची तेलुगू, टांगेवाल्यांची दखनी, आणि गुरुसिद्धप्पाची कानडी, सगळं एकदम चालायचं.

बिरप्पा कोपऱ्यात बसून चहा प्यायचा. कुणी फारच विचारलं तर म्हणायचा, इसूफचे डाव जास्त साफ आहेत. तो श्रीमंतच्या जातीचा असून असं बोलतो, याचं लोकांना नवल वाटायचं आणि त्याच्या शब्दाला वजन यायचं.

एक गोष्ट आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. इसूफचा उजवा खांदा आदल्या वर्षात दोनदा निखळला होता. पहिल्यांदा तालमीत, हाताखाली अंग पडून. दुसऱ्यांदा तर घरात, माळ्यावरचं पोतं काढायला हात वर केला म्हणून. दोन्ही वेळा त्याची आई अजीजाबी बिरप्पाच्या दारात पळत आली होती. बिरप्पानं खांदा बसवला, लेप लावला, आणि सांगितलं की एक वर्ष लढू नकोस, हा आता सैल झालाय. इसूफनं एवढंच म्हटलं होतं की हे बाहेर जाऊ नये. त्यावर बिरप्पा म्हणाला होता, "मेंढरं बोलत न्हाईत, तसाच मी बी."

आता त्या दिवसाचं सांगतो. मार्गशीर्षातली दुपार होती, गिरणीला सुट्टी. हॉटेल भरलेलं. माळशिरसहून दोन व्यापारी घोंगड्या घेऊन आले होते आणि श्रीमंतच्या बाजूनं तावातावानं बोलत होते. आमच्यातल्या कुणीतरी कोपऱ्याकडं बोट दाखवलं की हा तुमच्याच जातीचा माणूस, याला विचारा. बिरप्पानं नेहमीचं उत्तर दिलं. तेव्हा एक व्यापारी हसला आणि म्हणाला, हा इसूफच्या घरचा चहा पितो वाटतं. बिरप्पानं मान खाली घातली. तिथं थांबलं असतं. पण लोक हसत होते आणि हसणाऱ्यांपुढं बोलायची मला खोड. मी म्हणालो, "अहो, बिरप्पाला कुस्तीतलं काय विचारता? त्याला मेंढरांचे पाय कळतात."

हशा झाला. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं. बिरप्पाचं तोंड मात्र उतरलं. गावाकडून आलेल्या माणसाला शहरात वीस वर्षं राहूनही मेंढरांवरून बोललेलं किती लागतं, हे मला कळायला हवं होतं. मीही बार्शीच्या शेतकऱ्याचाच मुलगा.

त्यानं कप खाली ठेवला. "कुस्ती कळत न्हाय मला," तो म्हणाला. "खांदं कळत्यात. श्रीमंतच जितंल. इसूफचा उजवा खांदा दोनदा उतरलाय. मीच बसवलाय त्यो."

गुरुसिद्धप्पा गाळणीतून चहा ओतत होता, त्याचा हात थांबला. तो कानडीत हळूच म्हणाला, "साकु, बिरप्पा." पुरे, असं. पण पुरे म्हणायची वेळ टळून गेली होती. माळशिरसचे दोघं एकमेकांकडं बघत होते. बिरप्पाच्या चेहऱ्यावर क्षणभर जिंकल्यासारखं काहीतरी होतं, ते मी पाहिलं. मग ते गेलं, आणि तो चहा अर्धा टाकून उठला.

आठव्या दिवशी श्रीमंतच्या वस्तादाचा निरोप आला. दोन वर्षं सुगी आणि उन्हाळा सांगणारा माणूस आपण होऊन म्हणत होता, पंधरा दिवसांत जोड लावा, मैदान सोलापुरातच चालेल. शहर आनंदानं वेडं झालं. मी वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावून खिडकीतून जाहिरातीचा ढोल ऐकत होतो. हा निरोप आत्ताच का आला, हे हॉटेलातल्या प्रत्येकाला कळलं होतं, आणि एकानंही ते बोलून दाखवलं नाही. जोड लागतेय ना, मग झालं.

बिरप्पाला ते गिरणीत कळलं. तो नंतर मला म्हणाला, की हातातला गठ्ठा सुटला आणि पायावर पडला, पण दुखलं नाही.

त्या पंधरा दिवसांत तो रोज सकाळी तालमीत जायचा. इसूफनंच बोलावलं होतं, खांद्याला तेल चोळायला. करडईचं कोमट तेल घेऊन तो इसूफच्या मागं बसायचा आणि अर्धा तास चोळायचा. रोज घरून ठरवून निघायचा की आज सांगायचं. रोज खांद्यावर हात ठेवला की नुसतं तेलच चोळत राहायचा. एकदा तेवढं म्हणाला, "इसूफ, आनि सा म्हैनं थांबला असतास तर." इसूफ पाठमोराच होता. म्हणाला, "आता थांबलो तर लोक काय म्हनतील, मामा?" आणि मग काही वेळ तो तसाच बसून राहिला, जणू आणखी काहीतरी ऐकायचं आहे. बिरप्पानं तेलाची वाटी उचलली आणि निघून आला.

मैदानाला सगळं सोलापूर लोटलं होतं. मंद्रूप, अक्कलकोटकडून गाड्या जुंपून लोक आले होते. केमच्या बाजूचे रेल्वेनं. मीही होतो, दोरीच्या अगदी जवळ. बिरप्पा मागं, एका लिंबाच्या बुंध्याशी उभा. त्याला यायचं नव्हतं. मायाक्कानं पाठवलं होतं. ती म्हणाली होती की इसूफला काही झालं तर बसवणार कोण.

पहिली पंधरा मिनिटं इसूफची होती. त्यानं दोनदा श्रीमंतला खाली घेतला. एकदा तर पाठ लागायला चार बोटं उरली होती. माणसं उभी राहिली. श्रीमंत सुटला, वर आला, आणि त्याच्या वस्तादानं कडेवरून एकच शब्द दिला: उजवा. तिथून श्रीमंतनं दुसरं काही केलं नाही. तो इसूफच्या उजव्या हाताभोवतीच फिरत राहिला. विसाव्या मिनिटाला त्यानं तो हात बगलेत धरला, मागं नेला, आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकलं.

आवाज मला ऐकू आला. ओलं फडकं झटकल्यासारखा.

इसूफ ओरडला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि डाव्या हातानं उजवा दंड धरून राहिला. खांद्याचा गोल जाऊन तिथं खळगा पडला होता. पंचांनी श्रीमंतचा हात वर केला, एका बाजूनं फेटे उडाले, आणि त्या गदारोळात इसूफ काहीतरी बोलला. त्याच्या वस्तादानं ते ऐकलं आणि गर्दीकडं तोंड करून हाक दिली की बिरप्पाला बोलवा.

गर्दीनं वाट दिली. दहा हजार माणसांमधून बिरप्पा हौद्याकडं आला. ज्यांना ठाऊक होतं ते त्याच्या तोंडाकडं बघत होते, ज्यांना नव्हतं ते पाठीवर थाप मारत होते. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही. तो लाल मातीत बसला, इसूफला आडवं घेतलं, त्याच्या काखेत टाच रोवली आणि मनगट दोन्ही हातांत धरलं. इसूफ म्हणाला, "हळू नको, मामा. एकदाच." बिरप्पानं डोळे मिटले आणि ओढलं. खांदा बसला. मग स्वतःचं मुंडासं सोडून त्यानं तो हात छातीशी बांधला. मुंडाशाशिवाय उघड्या डोक्यानं तो परत गर्दीतून गेला.

तीन दिवस तो गिरणीत गेला नाही. मायाक्कानं सगळं काढून घेतलं त्याच्याकडून. ती बडबडली नाही, रडली नाही. म्हणाली, "जावा. सांगून या. न सांगता त्याला तेल लावू नगासा आता."

तो इसूफच्या घरी गेला. दार अजीजाबीनं उघडलं. इसूफ बाजेवर टेकून बसला होता. बिरप्पा उंबऱ्याच्या आत आला पण बसला नाही. हॉटेलातली सगळी गोष्ट त्यानं उभ्यानंच सांगितली. व्यापारी हसला ते, मास्तर काय म्हणाला ते, आपण काय म्हणालो ते. स्वतःकडं काही राखून ठेवलं नाही आणि दुसऱ्यावर काही ढकललंही नाही.

अजीजाबी चुलीकडं तोंड करून होती. तिनं मागं न बघता सांगितलं, की ती गोष्ट नळावर दुसऱ्याच दिवशी तिच्या कानावर आली होती, आणि त्याच सांजेला तिनं ती इसूफला सांगितली होती.

म्हणजे निरोप यायच्या आधी इसूफला ठाऊक होतं. पंधरा सकाळी तो बिरप्पापुढं पाठ करून बसला होता, आणि ठाऊक होतं.

बिरप्पानं विचारलं, मग लढलास कशाला?

"लढलो नसतो तर तुमचं बोलणं खरं हाय असं झालं असतं," इसूफ म्हणाला. "लढलो तरी तेच झालं. त्याचं काय न्हाय. कुस्तीत हार हाय, जीत हाय." मग म्हणाला, "पर तुमी मला सांगायला पायजे हुतं, मामा. मैदानाच्या आदी. रोज तेल लावताना मला वाटायचं, आज सांगतील."

बिरप्पा नंतर मला म्हणाला, की इसूफनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर आपण पाया पडून रडलो असतो. पण त्यानं मारलं नाही. अजीजाबीनं तेलाची वाटी आणून पुढं ठेवली. बिरप्पानं खांद्याला तेल लावलं.

इसूफ परत हौद्यात उतरला नाही. सहा महिन्यांनी तो विजापूर रस्त्यावर उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर झाला. श्रीमंतचंही त्यानंतर धड झालं नाही. तो जिंकला होता, पण जिथं जाईल तिथं लोक विचारायचे, खांदा धड असता तर? दोन वर्षांनी तो स्वतःच पाऊल मुरगळून बिरप्पाकडं आला. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाला, की वस्तादानं मैदानाच्या आदल्या दिवशी खांद्याचं सांगितलं, आणि ऐकल्यावर ते विसरता येईना. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. बिरप्पानं मान डोलावली. दोघंही एकमेकांकडं न बघता बोलत होते.

गुरुसिद्धप्पाच्या हॉटेलात वाद थांबला म्हणाल, तर नाही. उलट वाढला. पहिल्या पंधरा मिनिटांवर एक बाक बोलायचा, विसाव्या मिनिटावर दुसरा. बिरप्पाचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं, आणि तोही त्या दारावरून जाणं टाळायचा. गिरणीला जायला मागच्या बोळातून लांबचा रस्ता धरायचा. मी वर्तमानपत्र वाचायचं सोडलं. कारण विचारलं की डोळे दुखतात म्हणून सांगत असे.

अडतीस साली शाळेच्या पायरीवरून पडून माझं कोपर मोडलं. दुसऱ्या कुणाकडं जावं असं फार वाटत होतं, पण गेलो बिरप्पाकडंच. त्याच दिवशी त्यानं मला हे सगळं सांगितलं, कोपरावर बोटं फिरवत. मी म्हणालो, बिरप्पा, त्या दिवशी मी तसं बोललो नसतो तर. तो म्हणाला, "तुमी हसला, मास्तर. हसणाऱ्याचं काय. खांदा तुमच्या हातात दिला न्हवता कुनी." त्यानं माझ्यावरचं ओझं काढलं असं कुणाला वाटेल. मला तसं वाटलं नाही. चार महिने तो हात गळ्यात बांधून मी वर्गात उभा राहिलो आणि मुलांनी विचारलं तर पायरीचं नाव सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी कामाला मंद्रूपला निघालो होतो. मोटार इसूफची होती. शहर मागं पडल्यावर रस्त्याच्या कडेनं बिरप्पा चालताना दिसला, डोक्यावर गाठोडं. मंद्रूपला त्याची बहीण निंगव्वा आजारी होती. आठ कोस तो पायी निघाला होता, कारण त्या रस्त्याला इसूफचीच मोटार होती. नंतर कळलं की तो नेहमीच पायी जायचा.

इसूफनं मोटार थांबवली. थांबवताना इंजिन बंद पडलं. तो खिडकीतून म्हणाला, "बसा, मामा."

बिरप्पा म्हणाला, चालत जातो, जवळच आहे. जवळ काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना नुसती माळरानं. आतले लोक कुरकुरू लागले. इसूफ खाली उतरला, सीटखालचं हँडल काढलं आणि मोटारीच्या तोंडाशी गेला. त्याचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. डाव्या हातानं त्यानं हँडल फिरवून पाहिलं, ते अर्ध्यावरून परत आलं. परत फिरवलं. आत बसलेले आम्ही बघत होतो.

बिरप्पानं गाठोडं रस्त्यावर ठेवलं. तो पुढं गेला आणि त्यानं इसूफच्या हातातलं हँडल घेतलं. इसूफनं दिलं. चौथ्या फेऱ्याला इंजिन लागलं. मग बिरप्पाला नाही म्हणायला जागा उरली नाही. तो मागच्या दारानं चढला. मी सरकून जागा केली, पण तो बसला नाही. छताची दांडी धरून तो इसूफच्या पाठीमागं उभा राहिला, आणि वळण आलं की चाकावरून डावीकडं-उजवीकडं जाणारा तो एकच हात बघत राहिला.

मंद्रूपच्या अलीकडच्या फाट्यावर त्यानं उतरवा म्हणून सांगितलं. अजून कोसभर होतं. इसूफनं काही न विचारता मोटार थांबवली, या वेळी इंजिन चालू ठेवून.